दोर धरणारे हात

प्रतिवर्षी पारितोषिक-समारंभाच्या दिवशी नाव एकाचे वाचले जाते व टाळ्याही त्या एकासाठीच पडतात. पहाटे उठून त्याची भाकरी भाजणारी आई मागल्या बाकावर बसलेली असते. तिला व्यासपीठावर कोणी बोलावीत नाही, व तिला त्याची खंतही नसते. परंतु ज्याच्या हाती बक्षिसाचे पुस्तक पडले, त्याला तरी तिची ओळख असावी की नाही? हा प्रश्न मनात धरून आपण एका थोर पुरुषाचे चरित्र जरा आडबाजूने पाहू.

विल्यम केरी हे नाव मिशन शाळेतील मुलांस नवे नाही. 1761 साली इंग्लंडातील एका खेड्यात जन्मलेले व जोडे शिवून पोट भरणारे हे गृहस्थ 1793 साली बंगालात उतरले. पुढे श्रीरामपूर येथील छापखान्यातून त्यांनी 1805 साली मराठी भाषेचे व्याकरण व 1810 साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. आता विचार करा, विद्यार्थी मित्रहो, की ज्यांचे सारे वास्तव्य बंगालात झाले, त्या केरीसाहेबांस मराठी आली कोठून?

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात वैजनाथ शर्मा नावाचे मुख्य मराठी पंडित होते. ‘तो वारा’, ‘ती वाट’, ‘ते वादळ’ हा भेद परक्या मनुष्यास तर्काने कळण्यासारखा नाही. शेजारी बसून तो कोणीतरी पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. ते काम या पंडितांचे. व्याकरणाच्या मुख्य पानावर नाव केरीसाहेबांचेच आहे. परंतु प्रस्तावनेत त्यांनी पंडितांचे साहाय्य प्रांजळपणे नमूद केले आहे. प्रस्तावना न वाचताच पुस्तक उघडणारे विद्यार्थी पुष्कळ, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

बरे, ग्रंथ लिहून झाला तरी तो छापावयाचा कसा? पंचानन कर्मकार नावाच्या बंगाली कारागिराने पोलादी कांबीच्या टोकावर एकेक अक्षर उलटे कोरावे. तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावा. साच्यात वितळलेले शिसे ओतावे. तेव्हा कोठे एका अक्षराचा खिळा तयार होई. आपल्या देवनागरीत काने, मात्रा, जोडाक्षरे धरून असे ठसे शेकड्यांनी लागतात. पंचानन थोड्याच वर्षांत वारला आणि त्याचा जावई मनोहर याने ते काम पुढे चालविले. कोशातील मराठी शब्द तर मोडीत छापलेले आहेत. म्हणजे त्या लिपीचेही खिळे कोणाच्या तरी डोळ्यांनी व बोटांनी घडविले. जुन्या पुस्तकांवर कारागिराचे नाव घालण्याची रीतच नव्हती.

11 मार्च 1812 रोजी छापखान्यास आग लागून कागद, खिळे, हस्तलिखिते सर्व भस्म झाले. राखेत पोलादी ठसे मात्र शाबूत सापडले व त्यांवरून खिळे नव्याने ओतता आले. पैशाची उणीव इंग्लंडात भरून निघाली. अँड्र्यू फुलर हे मिशनचे चिटणीस, सुमारे वीस वर्षे गावोगाव हिंडून वर्गणी जमवीत. या मंडळींत एक दृष्टान्त प्रचलित होता: केरी खोल खाणीत उतरत आहेत, वरच्यांनी दोर सोडू नये. फुलर यांनी तो 1815 साली मरेपर्यंत सोडला नाही. हिंदुस्थान त्यांनी डोळ्यांनी कधीच पाहिला नाही.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. केरीसाहेबांच्या पत्नी डोरोथी या देशी येण्यास राजी नव्हत्या. मोठ्या आग्रहानंतर निघाल्या. 1794 साली त्यांचा पाच वर्षांचा पीटर बंगालात वारला, पुढे त्यांची बुद्धी भ्रमली, व 1807 साली त्या निवर्तल्या. व्याकरण तयार होत होते तेव्हा त्याच बिऱ्हाडात हे दुःख नांदत होते. मुलांकडे हॅना मार्शमन बाई व मुद्रक वॉर्ड यांनी पाहिले. डोरोथीबाईंच्या भोगण्यास साहाय्य म्हणणे मला जड जाते. साहाय्य मनुष्य आपखुषीने देतो. त्यांच्याकडून मात्र ते घेतले गेले. आपल्या घरांतूनही धाकट्याच्या फीसाठी थोरलीची शाळा सुटते, तेव्हा पालकांनी हा भेद लक्षात घ्यावा.

केरीसाहेबांची धाकटी बहीण मेरी इंग्लंडात सुमारे पन्नास वर्षे अंथरुणास खिळून होती. वाचाही बराच काळ गेली होती. उजवा हात तेवढा चाले. त्या हाताने ती पाटीवर लिहून बोले, व भावास पत्रे लिही. भाऊही श्रीरामपुराहून तिला कामाची हकीकत कळवी, आणि ती त्या कामासाठी प्रार्थना करी. 1834 साली केरीसाहेब वारल्यावर त्यांचे चरित्र लिहावयाचे ठरले, तेव्हा त्यांच्या बाळपणाच्या आठवणी सांगणार कोण? मेरीने त्या लिहून दिल्या.