गुडघा बदलायचा, पण किती?

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे निघालं की वाटेत आडुतुरै लागतं. इथलं भात संशोधन केंद्र १९२२ सालचं. 'एडीटी' ही आडुतुरैची खूण नावात मिरवणारे भाताचे वाण इथूनच कावेरीच्या खोऱ्यात पसरले. त्या भाताची लावणी अजूनही अनेक शेतांत बायकाच करतात, पोटरीभर चिखलात वाकून. गावाच्या आसपास सूर्यनार कोविल, कंजनूरचं शुक्राचं देऊळ, गोविंदपुरमचं विठ्ठल-रुखुमाई मंदिर. नवग्रहांच्या यात्रेला आलेली मराठी मंडळी या भागात हमखास भेटतात. त्यातली बरीचशी साठी ओलांडलेली, बसच्या पायऱ्या तिरकं होऊन, दांडा धरून उतरणारी.

बोलणं गुडघ्यांवर आलं की यात्रेकरू काय आणि तंजावरी मराठी बोलणारं इथलं घर काय, वाक्यं तीच. "वंगण संपलंय." "गॅप कमी झालाय." "वाटी बदलायला सांगितलीय." "आमच्या वन्संनी दोन्ही करून घेतले, पण मांडी घालता येत नाही." गुडघा अख्खा न बदलता झिजला तेवढाच भाग बदलता येतो, हे या गप्पांत क्वचितच येतं. आलं तरी अर्धवट ऐकलेलं असतं. यात नवल नाही. अटलबिहारी वाजपेयींच्या दोन्ही गुडघ्यांवर ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हापासून 'गुडघ्याचं ऑपरेशन' म्हणजे गुडघा पूर्ण बदलणं, हेच चित्र मनात बसलं आहे.

आधी वंगणाचं बघू. सांध्यातला द्रव संपतो म्हणून गुडघा दुखतो, असा समज आहे. प्रत्यक्षात झिजलेल्या गुडघ्यात तो द्रव पुष्कळदा वाढलेला असतो. 'गुडघ्यात पाणी झालं' म्हणतात ते हेच. झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा, आणि ती तेलाने, गोळ्यांनी किंवा सुईने परत उगवत नाही. वंगणाच्या नावाने मिळणारी महागडी इंजेक्शनं देऊ नयेत, असं ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. आपल्याकडे ती सर्रास घेतली जातात. मालिशने बरं वाटतं, तर जरूर करावी. त्यात वाईट काही नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणं मात्र खरोखर उपयोगी पडतं, आणि कित्येकांची शस्त्रक्रिया त्याने लांबते किंवा टळते.

गुडघ्याला तीन कप्पे असतात: आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीमागचा. आपल्या लोकांत झीज बहुधा आतल्या कप्प्यात सुरू होते आणि पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकू लागतात. आंशिक रोपणात फक्त त्या कप्प्यातल्या दोन्ही हाडांच्या टोकांवर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये टणक प्लास्टिकची चकती. बाहेरचा कप्पा, वाटी, आणि गुडघ्याच्या मधोमध एकमेकांना छेद देणारी दोन्ही लिगामेंट जागच्या जागी राहतात. पूर्ण रोपणात त्यातलं पुढचं लिगामेंट सहसा काढावं लागतं. रुग्णाला गुडघा 'आपलाच' वाटतो की 'बसवलेला', हे बऱ्याच अंशी इथे ठरतं.

सगळ्यांत घातक गैरसमज असा: "आत्ता थोडंच खराब आहे, तोवर अर्धा करून टाका, नंतर पूर्ण करायची वेळ येणार नाही." यातला 'थोडंच' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि घोळ तिथेच होतो. झीज एकाच कप्प्यात हवी हे खरं, पण त्या कप्प्यात ती पुरती झालेली हवी, हाडावर हाड घासेपर्यंत. कूर्चा अर्धीमुर्धी शिल्लक असताना केलेल्या आंशिक रोपणात दुखणं नीट जात नाही आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता वाढते. म्हणजे सौम्य आजारासाठीचं हे सौम्य ऑपरेशन नव्हे. आजार तीव्रच असतो, फक्त एका जागी मर्यादित असतो.

तो मर्यादित आहे का, हे कळायला आधी उभं राहून काढलेला एक्स-रे लागतो. टेबलावर झोपवून काढलेल्या एक्स-रेत वजन पडत नाही आणि हाडांमधला बुजलेला गॅपही ऐसपैस दिसतो. यात्रेला जाताना औषधांच्या पिशवीत घडी घालून नेलेले असे कितीतरी एक्स-रे याबाबतीत निरुपयोगी असतात. एमआरआय काढला नाही म्हणून तपासणी अपुरी राहिली असंही नाही. पन्नाशीनंतर, गुडघा दुखत नसला तरी, बहुतेकांच्या एमआरआयमध्ये काही ना काही झिजलेलं-फाटलेलं सापडतं. त्याखेरीज डॉक्टर पुढचं लिगामेंट शाबूत आहे का, वाकलेला पाय हाताने सरळ होतो का, बाहेरच्या कप्प्यातली कूर्चा चांगली आहे का, हे पाहतात. संधिवात सुजेचा, म्हणजे रुमॅटॉइड प्रकारचा असेल तर आंशिक रोपणाचा विचार सोडावा लागतो, कारण तो आजार एका कप्प्यात थांबत नाही.

वय आणि वजन यांचे जुने नियम लोकांच्या, आणि काही डॉक्टरांच्याही, डोक्यात पक्के आहेत. १९८९ मध्ये कोझिन आणि स्कॉट या दोघांनी साठीच्या आतल्यांना आणि ८२ किलोंपेक्षा जड माणसांना हे ऑपरेशन करू नये असं सुचवलं होतं. पुढच्या अनुभवाने त्या अटी बऱ्याच सैल झाल्या आहेत. केवळ काट्यावरचा आकडा पाहून नाही म्हणण्याचे दिवस गेले.

"अर्धं काम कशाला? एकदाच पूर्ण करून मोकळे व्हा." या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन महत्त्वाचे अभ्यास आले. एकात ब्रिटनमधल्या २७ केंद्रांतल्या ५२८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागून एका गटाचं आंशिक आणि दुसऱ्याचं पूर्ण रोपण केलं. पाच वर्षांनी दुखणं आणि हालचाल यांत दोन्ही गट जवळपास सारखे निघाले. आंशिक रोपण एकंदरीत स्वस्त पडलं. दुसऱ्या अभ्यासाने अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. २५ वर्षांनंतर पूर्ण रोपणातले सुमारे ८२ टक्के सांधे टिकून होते, आंशिकातले सुमारे ७० टक्के.

टिकाऊपणात पूर्ण रोपण पुढे आहे, हे मान्यच करायला हवं. पण या आकड्यामागे आणखीही काही आहे. आंशिक रोपण केलेला गुडघा दुखू लागला तर तो पूर्ण करण्याची वाट मोकळी असते, म्हणून सर्जन ती लवकर धरतात. पूर्ण रोपण दुखलं तर दुसरं ऑपरेशन जास्त अवघड, म्हणून तिथे हात आखडता राहतो. शिवाय ज्या सर्जनच्या हातून आंशिक रोपणाची ऑपरेशनं वर्षाकाठी मोजकीच होतात, त्यांच्याकडे ती बिघडण्याचं प्रमाण जास्त असतं. दुसऱ्या पारड्यात, आंशिकाच्या बाजूने, रक्त कमी जाणं, जंतुसंसर्ग कमी होणं, रुग्णालयातला मुक्काम कमी असणं. पंचाहत्तरीच्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला हे पारडं जड वाटू शकतं; पन्नाशीतल्या माणसाने टिकाऊपणाचा विचार जास्त करावा. इथे सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही, आणि जो डॉक्टर ते ठामपणे देतो त्याच्याकडून उठून दुसरं मत घ्यावं, असं माझं मत.

हे सगळं कळतं ते वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्यामुळे. स्वीडनने गुडघेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली, इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये. आपल्याकडे अशी नोंद सर्जनच्या इच्छेवर आहे. गंमत म्हणजे आडुतुरैहून दोनेक तासांवर, तंजावरच्या सरस्वती महालात, सरफोजीराजांच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह जपून ठेवल्या आहेत. कोणता रुग्ण, कोणता डोळा, काय उपचार, हे दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी दरबारात टिपलं जात होतं.

रोबोच्या मदतीने होणाऱ्या रोपणाबद्दलही थोडक्यात. रोबो ऑपरेशन करत नाही, सर्जन करतो. यंत्र हाड कुठे आणि किती कापायचं ते अचूक ठेवायला मदत करतं. चुकीच्या रुग्णाची निवड यंत्राने सुधारत नाही.

ऑपरेशननंतर काय, याबद्दल घरातल्या बायकांचा प्रश्न ठरलेला: मांडी घालता येईल का? पानावर जेवायला बसता येईल का? आंशिक रोपणात लिगामेंट शाबूत असल्याने गुडघा सहसा जास्त वाकतो आणि बरेच जण मांडी घालू शकतात. पण ऑपरेशनआधी गुडघा जितका वाकत होता, साधारण तेवढाच नंतर वाकतो. वर्षानुवर्षं आखडलेला गुडघा रोपणाने एकदम उकिडवा बसू लागत नाही. शिवाय चकती सरकती आहे की पक्की बसवलेली, हे सर्जनला जरूर विचारावं. सरकती चकती खोल वाकताना क्वचित निसटते, आणि जमिनीवर बसायची सवय असलेल्या आशियाई रुग्णांत हे जास्त दिसलं आहे. गुडघा टेकायला हरकत नसते, पण जखमेच्या बाहेरच्या बाजूचा त्वचेचा पट्टा बधिर झालेला असतो आणि टेकताना विचित्र वाटतं. तो बधिरपणा त्वचेतल्या एका बारीक नसेमुळे येतो. काही बिघडलं असं नव्हे. चिखलातली लावणी जखम पूर्ण भरेपर्यंत अजिबात नाही, आणि पुढेही चिखलात रुतलेला पाय पिळवटत काढायचं काम सर्जनला विचारूनच.

विश्रांतीने गुडघा बरा होतो, हा समज प्रेमळ आहे आणि नुकसानकारकही. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. मग घरी सून किंवा मुलगी प्रेमाने गुडघ्याखाली उशी ठेवते. तसं ठेवू नये. वाकलेल्या स्थितीत गुडघा आखडतो आणि नंतर पाय सरळ होत नाही. मग चालताना लंगडणं कायमचं. उशी हवी तर टाचेखाली, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने सरळ ताणला जातो. पाऊल वर-खाली हलवणं, मांडी घट्ट करून गुडघा पलंगावर दाबणं, टाच घसटत पाय जवळ ओढणं, हे दिवसातून अनेकदा. दुखण्याच्या गोळ्या 'सवय लागेल' म्हणून टाळू नयेत. दुखत असेल तर व्यायाम होत नाही आणि व्यायाम झाला नाही तर गुडघा आखडतो. टाके दोन आठवड्यांच्या आसपास निघतात, काठी बहुतेकांची दीड महिन्यात सुटते. सूज आणि संध्याकाळची ऊब मात्र तीन-चार महिने रेंगाळते, कधी त्याहून जास्त. पूर्ण सुधारणा वर्षभर चालू राहते, त्यामुळे दोन महिन्यांनी 'फसलं' असा निष्कर्ष काढणं घाईचं.

काही गोष्टी घडल्या तर मात्र थांबायचं नसतं. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, छातीत दुखून धाप लागली, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, ताप भरला, किंवा रोज वाकणारा गुडघा एकाएकी अडकला, तर फिजिओथेरपिस्टच्या पुढच्या वेळेची वाट बघू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावं, आणि धाप लागली असेल तर ताबडतोब.