दिवाळीच्या सुट्टीतली टाकी

धनत्रयोदशीच्या आसपास सचिन जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली कापड रंगवणारी जेट मशिनं एकेक करून थंड होतात. ग्रे कापडाचे तागे असतील तिथेच पडून राहतात, बॉयलर विझतो आणि आमचे खानदेशातले कारागीर पिशव्या घेऊन उधना स्टेशन गाठतात. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. मिल उघडणार लाभपाचमेला, काहींची त्यानंतरही आठवड्याने. (सचिन म्हटलं की मराठी माणसाला क्रिकेट आठवतं, पण हे गाव त्याहून बरंच जुनं. इथलं संस्थान १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एका वारसाला मिळालं होतं.)

सगळं बंद होतं, एक टाकी मात्र बंद करता येत नाही. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीतली एरेशनची टाकी. तिच्यातल्या तपकिरी गाळात अब्जावधी बॅक्टेरिया असतात. मिल बंद म्हणजे रंगाचं, साबणाचं, खळीचं पाणी येणं बंद, म्हणजेच त्यांचा डबा बंद. मग सुट्टीत गूळ भिजवून ओतायचा, नायट्रोजनसाठी थोडा युरिया, फॉस्फरससाठी थोडं डीएपी आणि हवा सोडणारा ब्लोअर आलटून पालटून चालू ठेवायचा. हिशेब ठरलेला आहे: शंभर भाग खाद्याला पाच भाग नायट्रोजन आणि एक भाग फॉस्फरस. तो एक भाग चुकला तर उरलेले एकशेपाच वाया.

गेल्या दिवाळीत सुट्टीच्या पाळीवर असलेल्या ऑपरेटरला मी मोबाईलवर शनीच्या चंद्राचा फोटो दाखवला. बर्फाच्या गोळ्यातून कारंजी उडताहेत, असा. खाली समुद्र आहे, त्यात आपल्या गाळातल्यासारखे जीव असू शकतील, असं म्हणालो. त्याने गुळाची बादली खाली ठेवली आणि अहिराणीत विचारलं, “साहेब, तठे त्यास्ले खावाले कोन देस?”

या विषयावर मी बरंच वाचलं आहे. इतक्या नेमकेपणाने विचारलेला प्रश्न माझ्या वाचनात नाही.

कारण पाण्याचा प्रश्न आता जवळपास मिटलाय. गॅलिलिओने १६१०च्या जानेवारीत गुरूजवळ चार ठिपके पाहिले, त्यातला युरोपा आपल्या चंद्राहून थोडा लहान. त्याच्या बर्फाच्या कवचाची जाडी साधारण १५ ते २५ किलोमीटर धरतात, आणि त्याखालच्या समुद्रात पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी असावं, असा अंदाज आहे. बुध ग्रहापेक्षाही मोठा असलेला गॅनिमीड, कॅलिस्टो, शनीचा टायटन यांच्या पोटातही पाणी असावं. २०२४ मध्ये तर मिमास या जेमतेम चारशे किलोमीटरच्या गोळ्यातही समुद्र असल्याची चिन्हं सापडली. सूर्यापासून इतक्या लांब, उणे दीडशे-दोनशे अंशांत, पाणी पातळ कसं राहतं?

जाड तार दोन्ही हातांत धरून भराभर वाकवा आणि सरळ करा. तुटण्याआधी वाकलेल्या जागी चटका बसतो. युरोपाची कक्षा किंचित लंबगोल आहे, त्यामुळे गुरूची ओढ कधी जास्त, कधी कमी, आणि साडेतीन दिवसांच्या प्रत्येक फेरीत चंद्र ताणला जातो, सैल होतो. डुमसच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीला पाणी सरकतं, तिथे अख्खा गोळा हलतो. ही कक्षा गोल का होत नाही? गुरूच्याच आयओ या चंद्राच्या चार फेऱ्या होतात तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक. ठराविक जागी गाठ पडून ते एकमेकांना ढकलत राहतात आणि कुणालाच स्वस्थ बसू देत नाहीत. हे गणित मांडून आयओवर ज्वालामुखी असतील, असं तीन शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये छापलं आणि काही दिवसांतच व्हॉयेजर-१ यानाच्या फोटोंत ते दिसले.

म्हणजे ऊब आहे, पाणी आहे. आता खाणं.

इथे मला त्या फोटोतल्या शनीच्या चंद्राबद्दल, एन्सेलेडसबद्दलच सविस्तर बोलायचं आहे, कारण बाकीच्यांच्या बाबतीत आपण कवचावर कान लावून अंदाज करतोय, आणि याने पाणी स्वतःच बाहेर फेकलंय. व्यास ५०४ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून आमच्या सचिनवरून अहमदाबादला जाणारी गाडी जेवढं अंतर कापते, जवळपास तेवढा. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या चार लांब भेगांतून वाफ आणि बर्फाचे कण उडताना दिसले. मग यान त्या फवाऱ्यातूनच पुन्हा पुन्हा नेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर आउटलेटचं सॅम्पल मिळालं. त्यात मीठ निघालं, कार्बनी संयुगं निघाली, आणि सिलिकाचे इतके बारीक कण निघाले की ते नव्वद अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यातच तयार व्हावेत. म्हणजे तळाशी कुठेतरी गरम झरे. चोपडा तालुक्यातला उनपदेव किंवा आमच्या जवळचं उनाई, तशी काहीतरी जागा, वर किलोमीटरच्या किलोमीटर बर्फ घेऊन.

२८ ऑक्टोबर २०१५ ला कॅसिनी जमिनीपासून अवघ्या ४९ किलोमीटरवरून फवाऱ्यात घुसलं आणि त्याला हायड्रोजन वायू सापडला. २०१७ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा मला आमच्या गावचा गोबरगॅस आठवला. त्या टाकीतले काही जीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन मिथेन सोडतात. त्यांना ऊन लागत नाही, प्राणवायू लागत नाही, उलट प्राणवायूने ते मरतात. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ अडीच किलोमीटर खोल समुद्रतळावर गरम झऱ्यांभोवती जीवसृष्टी सापडली, तिचा दाखला लेखांत नेहमी देतात. पण तिथले शिंपले आणि लांब नळीसारखे किडे प्राणवायू वापरतात, आणि तो वरच्या उन्हातल्या वनस्पतींनी केलेला असतो. बर्फाखालच्या समुद्राला तो दाखला पुरत नाही. गोबरगॅसचा पुरतो.

राहिलं डीएपी. फॉस्फरस नसेल तर डीएनए नाही, पेशीचं आवरण नाही. बरीच वर्षं शंका होती की एन्सेलेडसवर नेमका तोच कमी असेल. २०२३ मध्ये फ्रँक पोस्टबर्ग आणि सहकाऱ्यांनी कॅसिनीची जुनी माहिती उकरून दाखवलं की बर्फाच्या कणांत फॉस्फेट आहे, आणि समुद्रात त्याचं प्रमाण पृथ्वीच्या समुद्रापेक्षा किमान शंभरपट असावं. याचं कारण आपल्याला ओळखीचं आहे. ते पाणी खारं तर आहेच, शिवाय सोड्याचं आहे, आपल्या लोणारसारखं. सोड्याच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटमध्ये अडकून खाली बसतं, मग फॉस्फेटला धरून बसवायला कॅल्शियम फारसं उरत नाही आणि ते विरघळलेलंच राहतं. लोणारच्या त्या अल्कधर्मी, नाकाला झोंबणाऱ्या पाण्यात जीव मजेत राहतात. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं ते त्यांच्यामुळेच.

खाणं आहे, ऊब आहे, खत आहे. मग झालं की!

इथे ईटीपीवर वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या पोटात कालवतं. आम्ही टाकी जिवंत आहे की मेली, हे कशावरून ओळखतो? आउटलेटवरून. येणाऱ्या पाण्यात खाद्य भरपूर आणि जाणाऱ्या पाण्यातही तेवढंच, तर आत कुणी जेवत नाहीये. एन्सेलेडसच्या आउटलेटला हायड्रोजन उरलेला दिसतो. भरलेलं ताट तसंच परत आलंय. काही शास्त्रज्ञांनी हा आक्षेप गंभीरपणे मांडला आहे: एक तर तिथे कुणी नाही, किंवा फार थोडे आहेत, किंवा झरे त्यांच्या भुकेपेक्षा जास्त वाढताहेत. मधल्या शक्यतेत अडचण फॉस्फरसची असेल असं म्हणता येत होतं, आणि २०२३ च्या शोधाने नेमकी तीच सबब काढून घेतली. आनंदाची म्हणून छापलेली ती बातमी मला तेव्हापासून थोडी वाईटही वाटते.

युरोपाचं गाऱ्हाणं वेगळं. त्याच्याकडे चक्क ब्लोअर आहे. गुरूभोवतीचे वेगवान कण बर्फावर आदळून पाण्याचे तुकडे करतात आणि प्राणवायू सुटतो. जुनो यानाच्या मोजणीवरून २०२४ मध्ये तो सेकंदाला सुमारे १२ किलो निघाला. आधीच्या काही अंदाजांपेक्षा बराच कमी. त्यातला किती कवचातून खाली मुरतो, यावर सगळं अवलंबून. पाइप फुटका असेल तर ब्लोअर कितीही घोंघावो.

टायटनवर मिथेनचे तलाव आहेत. तिथल्या रसायनाबद्दल लिहायचं तर दुसरा लेख लागेल.

आणि समजा पेशी सापडलीच, तर ती तिथलीच हे कसं ठरवणार? जयंत नारळीकरांनी २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून टाटा संस्थेच्या फुग्यातून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा करवली. निर्जंतुक केलेल्या स्टीलच्या नळ्या, भोवती द्रवरूप निऑन. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत वेगवेगळी तपासणी. त्यातून बॅक्टेरियाच्या तीन नव्या जाती मिळाल्या, एकीला नारळीकरांच्या गुरूंचं, फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं. जीव आकाशातून येतो, ही गुरू-शिष्यांची कल्पना मला पटत नाही. जमिनीवरून वर गेलेले ते जीव असावेत, असंच मला वाटतं. पण नमुना बाटवू नये यासाठी घेतलेली काळजी मात्र शिकण्यासारखी आहे. याच भीतीने कॅसिनी २०१७ मध्ये शनीत आणि त्याआधी गॅलिलिओ यान गुरूत जाळून टाकलं. पृथ्वीवरचा एखादा चिवट जंतू बर्फाखाली पोचला असता तर आपण आपलाच गाळ शोधत बसलो असतो.

सध्या दोन यानं वाटेवर आहेत. युरोपचं ज्यूस एप्रिल २०२३ मध्ये निघालं, ते २०३१ मध्ये गुरूपाशी पोचेल आणि पुढे गॅनिमीडभोवती फिरेल. नासाचं युरोपा क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ ला उडालं, एप्रिल २०३० मध्ये पोचेल आणि युरोपाजवळून ४९ वेळा जाईल. जीव शोधणं हे त्याचं काम नाही. राहण्याजोगी जागा आहे का, एवढंच ते पाहणार.

मी हे ऑपरेटरला सांगितलं. एन्सेलेडसच्या उरलेल्या हायड्रोजनचंही. तो म्हणाला, नवीन टाकी चालू करताना सुरुवातीला आउटलेट खराबच येतं, गाळ बसायला वेळ लागतो. मी म्हटलं, तो समुद्र तुलनेने नवा असावा, असंही काही जण म्हणतात. त्याने मान डोलावली.

लाभपाचमेला मिल उघडली. त्याने एक लिटरचा काचेचा सिलिंडर टाकीत बुडवून भरला, टेबलावर ठेवला आणि घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासात गाळ किती खाली बसतो, ते पाहायचं असतं. मी बाजूला सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली. पहिल्या मिनिटाला काहीच हललं नाही. मग एका कोपऱ्यात, देठावर उभी असलेली एक घंटेसारखी पेशी आखडली आणि परत सरळ झाली.