अंगणांतील युक्का व त्याची निगा

घायपातीसारखें दिसणारें युक्काचें झाड आमच्या कित्येक सभासदबांधवांनीं हौसेनें अंगणांत लाविलें. परंतु पावसाळा सरण्यापूर्वींच तें कुजलें, अशी तक्रार वारंवार कानीं येते. आमच्या मतें दोष झाडाचा नसून पाण्याचा आहे.

युक्काच्या पुष्कळ जाती मेक्सिको व अमेरिकेंतील संयुक्त संस्थानें ह्यांच्या कोरड्या मुलुखांतल्या होत. खडकाळ, रेताड जमीन व कडक ऊन ह्यांची त्यांस संवय. आपल्या काळ्या चिकण जमिनींत आषाढाचें पाणी बुडाशीं साचलें कीं मुळ्या कुजतात व पानें पिवळीं पडतात. झाड तहानलें आहे असें समजून मालक आणखी पाणी घालतो आणि झाड हातचें जातें. अशा जमिनींत खड्डा खणूं नये. तो पाण्याचा हौदच होतो. मुरूम व जाड वाळू मिसळून हातभर उंचवटा करावा व त्यावर रोप लावावें. मूळ धरीपर्यंत बेताचें पाणी द्यावें. पुढें माती खोलवर वाळल्यावांचून देऊं नये.

नवीं रोपें बुंध्याजवळच्या फुटव्यांपासून किंवा खोडाच्या वीतभर तुकड्यांपासून होतात. तुकडा चार-सहा दिवस सावलींत ठेवून काप सुकूं द्यावा व मग वाळूंत रोवावा. बियांची वाट पाहूं नये. युक्काचें परागसेचन मूळ देशीं एक लहानसा पतंग करितो. त्याची मादी एका फुलांतील पराग गोळा करून दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसरावर नेऊन ठेवते व तेथेंच अंडीं घालते. अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडास उरतात. १८७२ सालीं जॉर्ज एंगेलमन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें ही गोष्ट प्रथम निदर्शनास आणिली. तो पतंग आपल्याकडे नसल्यानें फळ क्वचितच धरतें.

घायपात एकदां फुलली कीं मरते. युक्काचें तसें नाहीं. पांढऱ्या घंटांसारख्या फुलांचा तुरा वाळला म्हणजे तेवढाच बुडाशीं कापावा. आमच्या एका स्नेह्यानें ‘आतां हें संपलें’ म्हणून चांगलें झाड उपटून टाकिलें!

पानांच्या टोकांविषयीं मात्र हयगय नको. युक्का आलोइफोलिया ह्या जातीचीं पानें संगिनीसारखीं असून मुलांचे डोळे नेमके त्याच उंचीवर येतात. ती वाटेपासून चार-पांच हात दूर, कुंपणाकडे लावावी. दाराशीं लावावयाची झाल्यास युक्का गिगँटिया ही मऊ टोकांची जात निवडावी; एल साल्वादोरमध्यें हिचीं फुलें अंड्यांबरोबर परतून खातात.