‘आढळत नाही’ असे लिहिण्यापूर्वी : ब्राउझर आणि संहितेचा अभ्यासक

एखादा शब्द, एखादे विशेषनाम किंवा एखादी प्रतिमा अमुक ग्रंथात ‘आढळत नाही’ असे विधान आपण संशोधनलेखात सहज करतो. पूर्वी अशा विधानामागे ग्रंथाचे अथपासून इतिपर्यंत केलेले वाचन असे, निदान असावे अशी अपेक्षा असे. आणि ज्याला शब्दसूची उपलब्ध होती तो तिचा हवाला देत असे. आज पुष्कळदा या विधानामागे एवढेच असते की, अभ्यासकाने संगणकाच्या पडद्यावर तो ग्रंथ उघडला, कंट्रोल व एफ या दोन कळा एकत्र दाबल्या, शब्द टंकित केला आणि कोपऱ्यात शून्य उमटले. हे शून्य कितपत भरवशाचे असते, याचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः करावयाचा आहे. त्या ओघात, ज्या कळांमुळे आणि पूरक साधनांमुळे भारतीय भाषांतील संहितांचे काम अधिक नेमके होऊ शकते, त्यांचाही परिचय होईल.

परिभाषेविषयी एक खुलासा करणे इष्ट होईल. ब्राउझरला ‘न्याहाळक’ असा सुरेख प्रतिशब्द मराठीत घडविला गेला. परंतु बोलण्यात तो रुळला नाही. म्हणून येथे ब्राउझर हाच शब्द ठेवला आहे. ब्राउझरला बाहेरून जोडता येणाऱ्या, व्यवहारात ज्यांना एक्स्टेन्शन म्हणतात, त्या छोट्या आज्ञावलींना मात्र ‘विस्तारक’ म्हटले आहे.

शोधाच्या या कळीविषयी मनात शंका उत्पन्न झाली ती स्वतःच्याच एका चुकीमुळे. एका काव्यसंग्रहाची महाजालावरील संहिता तपासताना ‘वाऱ्या’ हे रूप शोधले असता एकही स्थळ मिळाले नाही. कवीच्या सृष्टीत वारा केवळ प्रथमेत येतो, वाऱ्यावर, वाऱ्याने, वाऱ्याचा अशी विभक्तिरूपे तो टाळतो, असे एक चमत्कारिक पण आकर्षक प्रमेय टिपणात उतरले. लेख पूर्ण होण्यापूर्वी संग्रह सलग वाचला, तेव्हा तिसऱ्याच कवितेत ‘वाऱ्यावर’ भेटला. शब्द होता, ब्राउझरला तो दिसला नव्हता.

याचे कारण असे की, आपण अक्षर पाहतो आणि यंत्र संकेतांक पाहते. देवनागरीसाठी आज सर्वत्र वापरली जाणारी यूनिकोड ही संकेतप्रणाली १९८८ च्या इस्की या भारतीय प्रमाणसंकेतावर आधारलेली आहे. तिच्यात ‘र’ला हलन्त करून पुढे व्यंजन जोडले की रफार मिळतो : आचार्य, दर्या, कार्य. परंतु मराठीला रफाराखेरीज आणखी एक अर्धा र लागतो. आचार्यांना वंदन करणे आणि आचाऱ्यांना स्वयंपाक सांगणे यांतला भेद तोच दाखवितो. दर्या आणि दऱ्या यांतलाही तोच. हा अर्धा र यूनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. एक मार्ग म्हणजे ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण घेऊन त्याला हलन्त करणे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट व जे या कळांनी तो उमटतो. दुसरा मार्ग म्हणजे साधा ‘र’ घेऊन, त्याला हलन्त करून, त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालणे. प्रणालीच्या प्रमाणग्रंथात पहिला मार्ग मूळ नियम म्हणून दिलेला आहे आणि दुसरा पूर्वीच्या लेखनाशी सुसंगती राहावी म्हणून मान्य केलेला आहे. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच. यंत्राच्या लेखी ती दोन भिन्न माळा. संहिता टंकित करणाऱ्याने एक मार्ग धरला आणि शोधणाऱ्याने दुसरा धरला, तर शून्य हे उत्तर अगदी प्रामाणिकपणे येऊ शकते.

‘ॲ’ची कथाही अशीच आहे. हा वर्ण यूनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत स्वतंत्रपणे दाखल झाला. तोवर लोक ‘अ’पुढे चंद्राचे चिन्ह जोडून काम भागवीत, आणि आजही पुष्कळजण तसेच करतात. या दोन लेखनांस यूनिकोडने परस्परांचे पर्याय मानलेले नाही. तेव्हा मराठी समीक्षेतील ॲरिस्टॉटलचे उल्लेख मोजू पाहणाऱ्याने तो दोनदा, दोन प्रकारे टंकित केला पाहिजे.

हा प्रश्न केवळ मराठीचा नव्हे, आणि तुलनात्मक अभ्यास करणाऱ्याला तर तो अधिकच जाणवावा. बंगालीतील खंड ‘त’ला २००५ साली स्वतंत्र संकेतांक मिळाला, त्याआधीच्या लेखनात तो हलन्त ‘त’ आणि तेच अदृश्य जोडचिन्ह यांनी साधलेला आहे. मलयाळममधील चिल्लू वर्णांचे २००८ साली हेच झाले. उर्दूच्या संहितांत अरबी ‘ये’ आणि फारसी ‘ये’ यांची सरमिसळ असते. म्हणजे महाजालावरील भारतीय संहितांना आता एक नवे पाठभेद प्राप्त झाले आहेत, आणि ते कोणत्याही लेखनिकाच्या हस्तदोषाने नव्हे, तर संकेतप्रणालीच्या इतिहासाने निर्माण झालेले आहेत. पाठचिकित्सेचे शिक्षण घेतलेल्यांना यात खरे तर आपल्या घरचेच काही तरी ओळखू यावे.

यावर उपाय सोपा आहे. एक साधी मजकूर-फाइल तयार करावी. तिच्यात दर्या, दोन्ही मार्गांनी लिहिलेले दऱ्या आणि दोन्ही प्रकारचा ॲ अशी रूपे एकेका ओळीत लिहावीत. आणि कंट्रोल व ओ या कळांनी ती आपल्या ब्राउझरमध्ये उघडून एकेक रूप शोधून पाहावे. कोणती रूपे तुमचा ब्राउझर एक मानतो आणि कोणती वेगळी, हे पाच मिनिटांत कळते. सर्व ब्राउझर या बाबतीत सारखे नाहीत. काहींचे शोधयंत्र नुक्ता, अदृश्य चिन्हे वगैरे सूक्ष्म भेद क्षम्य मानते. तेथे चूक उलट दिशेने होते. दऱ्या शोधाव्यात तर दर्याही गळाला लागतो, आणि मोजणी फुगते. फायरफॉक्सच्या शोधपट्टीत स्वरचिन्हादी भेद पाळण्याची आणि केवळ पूर्ण शब्द शोधण्याची अशा दोन सोयी आहेत. त्या लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे शोध घ्यावा आणि मिळालेले आकडे ताडून पाहावेत. आकडे जुळले नाहीत तर प्रत्येक स्थळ डोळ्यांनी पाहण्यावाचून गत्यंतर नाही. मराठीसारख्या प्रत्ययप्रधान भाषेत पूर्ण शब्दाचा शोध तसाही तोकडाच पडतो; शब्दाचे सामान्यरूप, त्यातही निःसंदिग्ध लिहिला जाणारा तुकडा, शोधणे श्रेयस्कर.

जुन्या शुद्धलेखनाचीही आठवण ठेवावी लागते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वारांना निरोप दिला. त्यापूर्वीच्या पुस्तकात ‘घरांत’, ‘कांहीं’, ‘येथें’ अशी रूपे असणार, आणि ‘घरात’ शोधणाऱ्याला ‘घरांत’ मिळेलच अशी शाश्वती नाही.

याहून ढोबळ असे काही सापळे आहेत. पीडीएफ स्वरूपातील जुन्या पुस्तकांत आणि नियतकालिकांत अनेकदा यूनिकोडपूर्व टंक वापरलेले असतात. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरांची अर्थशून्य रांग असते. याची परीक्षा अशी : दोन शब्द निवडून कंट्रोल व सी या कळांनी उचलावेत आणि शोधपट्टीत कंट्रोल व व्ही या कळांनी ठेवावेत. तेथे देवनागरीऐवजी रोमन कडबोळे उमटले तर शोधाचा नाद सोडावा. पान केवळ छायाचित्र असेल तर काहीच उचलले जाणार नाही. छायाचित्रावरून यंत्राने अक्षरे ओळखून काढलेला मजकूर असेल तर शोध लागेल, पण तो त्या ओळखीइतकाच खरा. काही संकेतस्थळांवर पुढची पाने वाचक खाली सरकेल तसतशी येतात. जे पान अद्याप आलेच नाही त्यात ब्राउझर शोधणार कसा? आणि ब्राउझरने पानाचे आपण होऊन भाषांतर केलेले असेल तर शोध त्या भाषांतरात होतो, मुळात नव्हे. आपण ज्या भाषांचे अभ्यासक आहोत, त्या भाषांपुरते तरी हे आपोआप भाषांतर सेटिंगमध्ये जाऊन बंद करून ठेवावे.

आता कोशांकडे वळू. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीने मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा १९९९ चा प्राचीन मराठीचा कोश, त्याचप्रमाणे मद्रास विद्यापीठाचा तमिळ कोश, प्लॅट्सचा उर्दू कोश असे कितीतरी ग्रंथ सर्वांसाठी खुले केले आहेत. ओवी वाचताना अडलेला शब्द पाहण्यासाठी दर वेळी ते स्थळ शोधणे, कोश निवडणे, चौकटीत शब्द लिहिणे यात वाचनाची लय मोडते. ब्राउझरमध्ये यासाठी एक फार जुनी आणि फार कमी वापरली जाणारी सोय आहे. कोशात एखादा शब्द शोधून पाहावा. उत्तराच्या पानाच्या पत्त्यात तो शब्द, कधी सांकेतिक वेषात का होईना, पुष्कळदा आलेला असतो. त्या पत्त्यात शब्दाच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि त्याला लागून रोमन लिपीतील लहान ‘एस’ लिहावे. फायरफॉक्समध्ये हा पत्ता वाचनखूण म्हणून जतन करून तिला ‘मो’ अशी संज्ञा द्यावी. क्रोममध्ये सेटिंगमधील संकेतस्थळशोधाच्या यादीत तो भरावा. मग कंट्रोल व एल या कळांनी पत्त्याच्या पट्टीत जावे, ‘मो’, मोकळी जागा आणि शब्द लिहून एंटर दाबावे. मोल्सवर्थ समोर उभा राहतो. संज्ञा देवनागरीत ठेवल्याने कळफलकाची लिपी बदलावी लागत नाही, ही गोष्ट क्षुल्लक वाटेल; दिवसात चाळीस शब्द पाहणाऱ्याला ती तशी वाटणार नाही.

इतर कळांची गणती थोडक्यात करता येईल. चुकून मिटलेले पान कंट्रोल, शिफ्ट व टी यांनी परत येते. उघड्या पानांतून कंट्रोल व टॅब यांनी फिरता येते. फायरफॉक्सच्या पत्तापट्टीत आरंभी तारकाचिन्ह लिहून जागा सोडली तर शोध केवळ वाचनखुणांत होतो, टक्क्याच्या चिन्हाने केवळ उघड्या पानांत. विंडोजवर फायरफॉक्समध्ये एफ-९ ही कळ दाबली असता लेखाभोवतीच्या जाहिराती आणि चौकटी गळून पडतात आणि निखळ मजकूर उरतो. तोच कंट्रोल व पी यांनी पीडीएफ करून ठेवावा.

संदर्भ देण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. महाजालावरील पानाला पृष्ठक्रमांक नसतो. दहा हजार शब्दांच्या पानाकडे बोट दाखवून ‘यात पाहा’ म्हणणे म्हणजे संदर्भ नव्हे. क्रोमने २०२१ साली अशी सोय आणली की, वाक्य निवडून उजवी कळ दाबली असता नेमक्या त्या वाक्याकडे नेणारा दुवा मिळतो. फायरफॉक्सलाही असे दुवे २०२४ पासून कळू लागले. देवनागरीच्या बाबतीत मात्र हा दुवा भयंकर लांब होतो, कारण प्रत्येक चिन्हामागे नऊ सांकेतिक अक्षरे पडतात. तळटीपेत तो छापण्याचा मोह टाळावा. स्वतःच्या टिपणात ठेवावा. पान पुढे नाहीसे झाले तर हा दुवाही निरुपयोगी, म्हणून इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनचा विस्तारक जवळ असावा. उद्धृत केलेले पान त्याच दिवशी त्यात जतन करून त्या प्रतीचा दिनांकित पत्ता द्यावा. झोटेरो हा २००६ साली जॉर्ज मेसन विद्यापीठातून निघालेला संदर्भसंग्राहक आणि त्याचा विस्तारक यांचेही काम मोलाचे आहे. पण तो माणसाच्या नावाचे आडनाव व नाव असे दोन तुकडे गृहीत धरतो. नामदेव, अक्कमहादेवी किंवा मीराबाई यांना आडनाव नाही. अशा नावांसाठी एकच चौकट निवडण्याची सोय त्यात आहे. ती न वापरल्याने आपल्या ग्रंथसूचींत जे विनोद घडतात ते सर्वांच्या परिचयाचे आहेत.

विस्तारकांविषयी एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. अनेक विस्तारक बसविताना ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची’ परवानगी मागतात, आणि आपण ती न वाचताच देतो. ही परवानगी शब्दशः खरी असते : ग्रंथालयाच्या खात्याचे पान, अप्रकाशित प्रबंधाचा मसुदा, पत्रव्यवहार, सर्व काही तिच्या कक्षेत येते. द ग्रेट सस्पेंडर हा निष्क्रिय पाने निजवून ठेवणारा विस्तारक लाखो लोक विश्वासाने वापरीत होते. २०२० साली मूळ कर्त्याने तो दुसऱ्याच्या हाती सोपविला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक आज्ञावली असल्याचे सांगून गूगलने तो हटविला. वापरणाऱ्यांच्या यंत्रावर या हस्तांतराची काहीच खूण उमटली नव्हती. म्हणून विस्तारक मोजके ठेवावेत. क्रोममध्ये प्रत्येक विस्तारकाला ‘कळ दाबल्यावरच’ किंवा ‘ठरावीक संकेतस्थळांवरच’ प्रवेश देता येतो. कोश, संदर्भ आणि जतन यांची साधने पहिल्या पर्यायावर उत्तम चालतात. आणि ज्या विस्तारकांविषयी खात्री नाही, पण जे वापरून पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल उघडावे, ज्यात आपण कोणत्याही खात्यात प्रवेश केलेला नाही.