अध्यापन, सेवा आणि गौरव : अमेरिकेतील वांशिक अभ्यासशाखेच्या निमित्ताने

विद्यापीठीय अध्यापकाच्या कार्याचे संशोधन, अध्यापन आणि सेवा असे तीन भाग मानण्याची प्रथा आहे. नियमांच्या भाषेत हे तिन्ही भाग आवश्यक असतात. व्यवहारात मात्र संशोधन मोजले जाते आणि अध्यापन व सेवा यांचा गौरव केला जातो. मोजणे आणि गौरविणे या दोन क्रिया एकच नव्हेत. मोजलेल्या कार्यामुळे पदोन्नती मिळते. गौरविलेल्या कार्याला मानपत्र मिळते. अमेरिकेतील वांशिक अभ्यास, म्हणजेच एथ्निक स्टडीज, या ज्ञानशाखेच्या अध्यापकांच्या बाबतीत हा भेद विशेष स्पष्टपणे दिसतो. त्याचे स्वरूप पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ज्ञानशाखेचा उगम

ही शाखा विद्वत्परिषदेच्या ठरावातून जन्मलेली नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये ६ नोव्हेंबर १९६८ रोजी विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला आणि तो मार्च १९६९ पर्यंत चालला. कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटना आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट यांनी तो चालविला होता. जानेवारी १९६९ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातही असाच संप झाला. आपल्या समाजाचा इतिहास व साहित्य अभ्यासक्रमात असावे आणि त्या समाजातील विद्यार्थ्यांना प्रवेश मिळावा, या मागण्या त्यामागे होत्या. त्याच वर्षी दोन्ही ठिकाणी वांशिक अभ्यासाची व्यवस्था निर्माण झाली.

या उगमाचा एक परिणाम लक्षात घेतला पाहिजे. समाजाशी असलेले नाते ही या शाखेच्या अस्तित्वाची अटच होती. त्यामुळे इतर विभागांत 'सेवा' म्हणून जे काम अखेरच्या रकान्यात जाते, ते येथे ज्ञानव्यवहाराच्या मध्यभागी होते. मूल्यमापनाची चौकट मात्र जुनीच राहिली.

२. दोन अध्यापक

रोनाल्ड ताकाकी (१९३९–२००९) यांचा जन्म हवाईमधला. त्यांचे आजोबा जपानमधून उसाच्या मळ्यावर मजुरीसाठी आले होते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा पहिला अभ्यासक्रम ताकाकींनी शिकविला आणि पुढे ते बर्कलेला आले. बर्कलेचा उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार त्यांना १९८१ साली मिळाला. १९८४ मध्ये तेथे या विषयातील पीएच.डी.चा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १९८९ साली बर्कलेच्या अध्यापकसभेने 'अमेरिकन कल्चर्स' हा नियम संमत केला आणि १९९१ पासून तो लागू झाला. त्यानुसार प्रत्येक पदवी विद्यार्थ्याने अमेरिकेतील किमान तीन समाजगटांचा तुलनात्मक अभ्यास केला पाहिजे. ताकाकी या नियमाच्या पुरस्कर्त्यांपैकी एक होते. त्यांच्या 'अ डिफरंट मिरर' (१९९३) या ग्रंथाची दृष्टीही हीच तुलनात्मक दृष्टी आहे. वर्ग, समिती आणि ग्रंथ या तिन्ही ठिकाणी त्यांचे एकच काम चालू होते. ते तीन रकान्यांत विभागले, तर त्याचे सूत्रच हरवते.

बार्बरा ख्रिश्चन (१९४३–२०००) यांचे उदाहरण साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचे वाटेल. त्या कॅरिबियन बेटांतील सेंट टॉमस येथील. बर्कलेला येण्यापूर्वी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये त्या वंचित वस्त्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना शिकवीत होत्या. १९७८ साली बर्कलेमध्ये कायमपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री ठरल्या. कृष्णवर्णीय स्त्री-कादंबरीकारांवरील त्यांचा ग्रंथ १९८० चा आहे. म्हणजे टोनी मॉरिसन यांना नोबेल पारितोषिक मिळण्याच्या तेरा वर्षे आधीचा. १९८७ च्या 'द रेस फॉर थिअरी' या लेखात त्यांनी सिद्धान्ताच्या शर्यतीवर टीका केली. कृष्णवर्णीय समाज कथा, म्हणी, कोडी यांतून नेहमीच सिद्धान्तन करीत आला आहे. परंतु विद्यापीठात विशिष्ट परिभाषेतील लेखनालाच सिद्धान्त म्हटले जाते आणि नेमणुका व बढत्या त्यावर अवलंबून राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे काय मोजले जाते हा प्रश्न त्यांच्या समीक्षेतच अंतर्भूत होता. त्यांना उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार १९९१ साली मिळाला. 'बर्कले सायटेशन' हा सन्मान २००० साली, म्हणजे निधनाच्या वर्षी मिळाला.

३. सेवेचा भार

अमादो पादिया यांनी १९९४ साली या स्थितीला 'सांस्कृतिक करआकारणी' असे नाव दिले. अल्पसंख्य समाजातील अध्यापक विभागात एखाददुसराच असतो. त्यामुळे प्रत्येक समितीवर तोच हवा असतो आणि त्या समाजातील विद्यार्थी अडचणी घेऊन त्याच्याकडेच येतात. हे काम तो मनापासून करतो. परंतु त्यात गेलेला वेळ संशोधनातून वजा होतो. पुढे संशोधन कमी म्हणून त्यालाच दोष दिला जातो. एखादा पुरस्कार हा कर परत करू शकत नाही. तो फक्त कर भरल्याची पोच देतो.

या दिशेने काही बदल झाले आहेत. २००५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियमांत, विविधता व समान संधी यांना साहाय्यभूत होणाऱ्या अध्यापन, संशोधन व सेवेची बढतीच्या वेळी दखल घेतली जावी, अशी तरतूद झाली. गौरवाकडून मोजणीकडे टाकलेले ते एक पाऊल होय.

४. मराठीच्या संदर्भात

हा विषय आपल्याला सर्वस्वी परका नाही. डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय मराठीला करून दिला. १९७२ च्या दलित पँथरचे नावच तिकडच्या चळवळीवरून आले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी विद्यापीठात अध्यापन करीत असतानाच 'अस्मितादर्श' हे नियतकालिक अनेक दशके चालविले. नवोदितांची हस्तलिखिते वाचणे, त्यांना लिहिते करणे, मेळावे भरविणे हे काम अध्यापन, संशोधन की सेवा? ते कोणत्याही एका रकान्यात मावत नाही; पण त्यावाचून दलित साहित्याच्या अभ्यासाला आवश्यक असलेले साहित्यच पुरेसे उपलब्ध झाले नसते. त्यांना २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. बार्बरा ख्रिश्चन यांच्या अखेरच्या सन्मानाची येथे आठवण होते.

५. समारोप

गौरव निरर्थक आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. कोणते काम मूल्यवान आहे हे संस्था गौरवातूनच जाहीरपणे सांगते. परंतु शाल-श्रीफळ देऊन झाल्यावर तेच काम मूल्यमापनाच्या तक्त्यात शून्य भरत असेल, तर संस्थेच्या त्या दोन विधानांत विसंगती आहे. ती दूर करावयाची असेल, तर मानपत्रात केवळ विशेषणे न घालता केलेले काम नेमके नोंदविले पाहिजे, आणि ती नोंद पदोन्नतीच्या वेळी ग्राह्य धरली पाहिजे. ज्या विभागात विद्यार्थ्यांच्या पहिल्या पिढ्या शिकत आहेत, तेथे हा प्रश्न केवळ सौजन्याचा राहत नाही. त्या विभागात पुढच्या काळात शिकवायला कोण उरेल, हे त्यावर ठरते.