फाटकावरचे मेजर

सोलापूरहून पुण्याकडे निघालेला रस्ता मोहोळ तालुक्यात शिरला, की चिंचोळी एमआयडीसीची पत्र्याची छपरे दिसू लागतात; तेथील एका कारखान्याच्या फाटकाशी आवक-जावकीचे रजिस्टर मांडून बसणाऱ्या गृहस्थांना मालकापासून हमालापर्यंत सारे ‘मेजर’ म्हणतात. वस्तुतः ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. परंतु पलटणीतून परतलेल्या प्रत्येकास मेजर करून टाकण्याचा आपल्या गावांचा उदार प्रघात आहे, आणि त्यास दिल्लीची मंजुरी लागत नाही.

खरा मेजर खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह वागवतो आणि सुमारे 120 जवानांच्या कंपनीस उत्तरदायी असतो. त्याच्या खालचा तीन ताऱ्यांचा कॅप्टन व दोन ताऱ्यांचा लेफ्टनंट, जो पहिल्याच नेमणुकीत तिसेक माणसांच्या प्लाटूनचा भार उचलतो, हे दोघे अजून शिकत असतात. खरा अंमल सुरू होतो तो पलटणीच्या सीओसाहेबांपाशी, म्हणजे कमांडिंग ऑफिसरपाशी. पूर्वी हा मान लेफ्टनंट कर्नलचा होता, पुढे तो कर्नलकडे गेला. आठशेंच्या आसपास माणसांचे शिधा, रजा, शिस्त आणि प्रसंगी प्राण या एकाच गृहस्थाच्या हवाली असतात. 1950 चा लष्करी कायदा त्यास समरी कोर्ट मार्शल भरवून सुभेदारवर्गाखालच्या अपराध्यास एक वर्षापर्यंत कैद ठोठावण्याची मुभा देतो. मुलकी खात्यातील कोणता साहेब आपल्या हाताखालच्यास असा तुरुंगात धाडू शकेल? पुढे ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल अशी पायरी चढत जाते, आणि 1895 मध्ये स्थापन झालेल्या, पुण्यात ठाणे असलेल्या दक्षिण कमांडसारख्या विस्तीर्ण इलाख्यापर्यंत पोहोचते.

मला मात्र ‘हवालदार’ या शब्दाचेच अधिक कौतुक वाटते. सभासदाच्या बखरीप्रमाणे शिवकालीन घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर हजारी असे. किल्ल्याच्या मुख्य अधिकाऱ्यासही हवालदारच म्हणत. सुभेदार तर अख्ख्या सुभ्याचा धनी. इंग्रजांनी ही नावे ठेवली, पण अधिकाराची सनद गोऱ्यांकडे राखून ठेवल्यामुळे तीस वर्षे झिजलेल्या सुभेदारास मिसरूड न फुटलेल्या साहेबापुढे टाच जुळवावी लागे. 1918 मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयाचे दार हिंदी तरुणांस किलकिले झाले, 1932 मध्ये डेहराडूनची अकादमी निघाली; जमादार या हुद्द्याचे नाव नायब सुभेदार व्हायला मात्र 1965 उजाडले.

एकदा मी फाटकावरच्या त्या गृहस्थांना “मेजर” अशी हाक दिली, तेव्हा ते हसून म्हणाले, “हवालदार म्हणा हो, तेवढं कमावलंय.” इतक्यात पाळी सुटली. बोट रजिस्टरावरून ओळीओळीने खाली आले आणि थांबले. आत गेलेले एकेचाळीस, बाहेर आलेले चाळीस. बाहेर बस हॉर्न देत होती, पण फाटक ओढून घ्यायला ते तयार होईनात. “गिनती पूरी नाही,” एवढेच बोलून त्यांनी काठी उचलली आणि शेडच्या मागे, अंधाराकडे चालू लागले.