भातावरची सुरळीतील अळी : ओळखा आणि दोर फिरवा



लावणी होऊन पंधरवडा लोटला, पाऊस लागून राहिलाय आणि सखल खाचरात मधेच भाताचा एक पट्टा पांढरा पडला. चौल-रेवदंड्याकडे असे दिसले की 'रोग आला' म्हणून औषधाच्या दुकानाकडे धाव घेतली जाते. जरा थांबा. आधी खाचरात उतरा आणि पाण्याकडे बघा. पानाच्या बारीक नळ्या, म्हणजे सुरळ्या, पाण्यावर तरंगत असतील किंवा पानांना लोंबत असतील तर हा रोग नव्हे. ही सुरळीतील अळी.

खूण पक्की करा. पानांचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे सरळ तुटलेले असतात. हिरवा भाग खरवडल्यामुळे पानावर कागदासारखे पांढरे पट्टे उरतात. सुरळी उलगडली की आत फिकट हिरवी, तपकिरी डोक्याची अळी सापडते.

इतर किडींशी गल्लत करू नका. पाने गुंडाळणारी अळी पान कापत नाही, उभे दुमडून आत बसते. काटेरी भुंगेऱ्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून पान पोखरते. खोडकिड्यामुळे मधला पोंगा सुकतो व ओढला की सहज हातात येतो.

या किडीचा पतंग लहान, पांढराशुभ्र, पंखांवर फिकट तपकिरी ठिपके असलेला. तो रात्री उडतो, दिव्यावर येतो. मादी पाण्याला टेकलेल्या पानांच्या खालच्या बाजूस अंडी घालते. साधारण 4 दिवसांत अळ्या निघतात. अळी पानाचा तुकडा कापून त्याची सुरळी करते आणि ती अंगावर घेऊनच पोहत एका चुडावरून दुसऱ्यावर जाते. तिच्या अंगाला कल्ले असतात, म्हणून ती पाण्यात जगते. दोन-तीन आठवडे खाऊन ती सुरळी बुंध्याला चिकटवते, आतच कोष करते आणि आठवडाभरात पतंग होऊन बाहेर पडते.

आता वर्म ध्यानात घ्या : पाणी हाच तिचा आधार. म्हणून उपायही पाण्यातलाच.

खाचरात पाणी भरलेले असताना दोघांनी दोन टोके धरून काथ्याचा दोर पिकावरून दोन-तीन वेळा फिरवावा. सुरळ्या पाण्यात पडतील. मग बांध फोडून पाणी काढा, पण तोंडाशी झोळी किंवा जुने फडके लावा. नाहीतर तुमची कीड खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात जाईल. अडकलेल्या सुरळ्या गोळा करून पुरून टाका. दोन-तीन दिवस खाचरात पाणी साठू देऊ नका.

खाडीकडच्या खार जमिनीत मात्र पाऊस उघडलेला असताना खाचर सुकवू नका. खार वर येईल. तिथे दोर फिरवून सुरळ्या वेचाव्यात, पाणी पावसाच्या दिवसांत काढावे.

पाणी काढण्याआधी युरिया टाकू नका, वाहून जाईल. बांधावरचे पाखड व इतर गवत काढा. भात नसला की कीड त्यावर तग धरते.

जोमदार फुटवे असलेले भात नवी पाने काढून बहुधा सावरते. उगाच औषध मारले तर कीड खाणारे कोळी व चतुर मरतात, खाचरातली मासळीही जाते. एवढे करूनही पांढरे पट्टे वाढतच राहिले, तर कापलेली पाने आणि सुरळ्या घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा आणि तिथल्या सल्ल्यानेच पुढचे पाऊल टाका.